सीमा बदलली तरी नेट चालू राहावे म्हणून: युरोप सहलीला निघणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रातून युरोपला जाणाऱ्या बहुतेक मोठ्या सहलींचा मार्ग ठरलेला असतो. लंडनहून पॅरिस, तिथून ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम आणि कोलोन, मग जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधून ऱ्हाईनच्या धबधब्यापाशी स्वित्झर्लंडमध्ये प्रवेश, पुढे टिटलिस आणि युंगफ्राऊ, वाटेत लिख्टेनस्टाइनची राजधानी फाडुझ, ऑस्ट्रियातील इन्सब्रुक आणि शेवटी व्हेनिस, फ्लॉरेन्स, पिसा, रोम. एका सहलीत नऊ देश होतात. बसच्या खिडकीतून यातल्या बऱ्याच सीमा दिसतही नाहीत, पण खिशातला फोन मात्र प्रत्येक सीमेवर नवे नेटवर्क शोधत असतो. त्या वेळी डेटा कोणत्या सिमवरून घ्यायचा हे आपण आधी ठरवून ठेवलेले नसेल, तर ते फोन ठरवतो आणि त्याचे पैसे आपण भरतो.

या विषयावरचा बहुतेक सल्ला कोणता पॅक स्वस्त आहे, इथून सुरू होतो. माझ्या मते तो नंतरचा प्रश्न आहे. आपल्या भारतातल्या क्रमांकाने परदेशात कोणते काम करायचे आणि डेटा कुठून घ्यायचा, हे आधी ठरवले पाहिजे. ही दोन कामे वेगळी आहेत आणि ती दोन वेगळ्या सिमवर सोपवता येतात. भारतातल्या क्रमांकाने बँकेचे ओटीपी घ्यावेत आणि व्हॉट्सॲप व यूपीआयची ओळख टिकवावी. नेट दुसऱ्या सिमवरून चालावे. एवढी विभागणी मनाशी पक्की झाली की पुढची प्रत्येक सेटिंग का करायची ते आपोआप कळते.

भारतातले सिम फोनमध्येच राहू द्यावे

परदेशी सिम मिळाले की आपले सिम काढून पाकिटात ठेवण्याची अनेकांची सवय असते. ती सोडावी. हॉटेलचे पैसे कार्डाने भरताना किंवा पुढच्या गाडीचे तिकीट ऑनलाइन काढताना ओटीपी त्याच क्रमांकावर येतो, आणि त्या वेळी सिम पाकिटात असेल तर व्यवहार तिथेच अडतो. यूपीआयची ॲप तर याहून कडक आहेत. नोंदणीचे सिम फोनमध्ये दिसले नाही की त्यांतली अनेक पुन्हा नोंदणी मागतात, आणि त्या नोंदणीसाठी त्याच सिमवरून एसएमएस जावा लागतो. शिवाय २८ नोव्हेंबर २०२५ रोजी भारताच्या दूरसंचार विभागाने मेसेजिंग ॲप चालवणाऱ्या कंपन्यांना निर्देश दिले, की खाते ज्या सिमवर नोंदले आहे ते सिम फोनमध्ये असल्याशिवाय ॲप चालू नये. म्हणजे व्हॉट्सॲपसाठीसुद्धा आपले सिम जागेवर ठेवणेच शहाणपणाचे आहे.

आता सर्वांत जास्त घोटाळा जिथे होतो ती गोष्ट. रोमिंग या एकाच शब्दाखाली दोन निरनिराळी बटणे असतात. एक बटण आपल्या कंपनीकडे असते. जिओ, एअरटेल, व्ही किंवा बीएसएनएल यांच्याकडे आपल्या क्रमांकावर आंतरराष्ट्रीय रोमिंगची सेवा सुरू करून घ्यावी लागते. ती बंद असेल तर परदेशात उतरल्यावर त्या सिमला रेंजच मिळत नाही आणि ओटीपीही येत नाही. दुसरे बटण आपल्या फोनच्या सेटिंग्जमध्ये, त्या त्या सिमच्या नावाखाली असते. त्याचे नाव डेटा रोमिंग, आणि त्याचा संबंध फक्त नेटशी आहे. आपल्याला हवी असलेली स्थिती अशी: भारतीय क्रमांकावर कंपनीकडची रोमिंग सेवा चालू आणि फोनमधले डेटा रोमिंग बंद. असे केले की एसएमएस येत राहतात, पण त्या सिमवरून नेटचा एक कणही खर्च होत नाही. परदेशात येणारे एसएमएस सहसा मोफत असतात. प्रीपेड क्रमांकावर मात्र ही सेवा जागी ठेवण्यासाठी एखादा लहान रोमिंग पॅक लागू शकतो, तेव्हा निघण्यापूर्वी कंपनीच्या ॲपमध्ये आपल्या क्रमांकाची स्थिती पाहून घ्यावी.

येणारे फोन ही वेगळी बाब आहे. रोमिंगमध्ये आलेला फोन उचलला की त्याचे पैसे लागतात. पॅक नसेल तर हा दर चांगलाच चढा असतो. म्हणून अनोळखी क्रमांकाचा फोन उचलू नये आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवावे की बोलायचे असेल तेव्हा व्हॉट्सॲपवरच फोन करा. फोन उचलला नाही तर तो दुसऱ्या क्रमांकावर वळवण्याची सोय चालू असेल, तर ती निघण्यापूर्वी बंद करावी. परदेशात पोहोचलेला फोन तिथून परत भारतात वळवला जातो, तेव्हा कोणी काही न बोलताही आकार लागू शकतो. डायल पॅडवर हॅश, हॅश, शून्य, शून्य, दोन, हॅश असे दाबून फोन लावल्यास वळवण्याच्या सर्व सोयी एकदम रद्द होतात.

सिमशी संबंधित कोणताही बदल सहलीच्या तोंडावर करू नये. सिम बदलले किंवा प्लास्टिकच्या सिमचे ई-सिम (कार्डाशिवाय, फोनमध्येच उतरवायचे सिम) केले, तर फसवणूक टाळण्यासाठी पहिले २४ तास त्या क्रमांकाचे एसएमएस बंद ठेवले जातात. सिम बदलल्यानंतर ७ दिवस क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेताही येत नाही. म्हणून जे काही करायचे ते दोन-तीन आठवडे आधी उरकावे. प्रीपेड रिचार्जची मुदतही तेव्हाच पाहावी आणि ती परतीच्या तारखेच्या पुढे किमान आठवडाभर असावी.

डेटा कुठून घ्यावा

मार्ग तीन आहेत: भारतीय कंपनीचा रोमिंग पॅक, त्या देशात उतरून घेतलेले स्थानिक सिम, आणि प्रवासासाठी मिळणारे ई-सिम.

भारतीय कंपनीच्या पॅकमध्ये खटाटोप सर्वांत कमी. फोनमध्ये काही टाकायचे नाही, काही काढायचे नाही, आणि बोलण्याची मिनिटेही मिळतात. ज्यांना सेटिंग्जमध्ये शिरायची भीती वाटते अशा ज्येष्ठांसाठी, किंवा एक-दोन देशांच्या चार-पाच दिवसांच्या दौऱ्यासाठी, मी हाच मार्ग सुचवेन, जरी तेवढ्याच डेटाचे पैसे बहुधा जास्त पडतात. हा मार्ग घेतला तर मात्र भारतीय सिमचे डेटा रोमिंग चालू ठेवावे लागते, आणि म्हणून पॅकच्या दोन अटी बारकाईने वाचाव्या लागतात. पहिली अट देशांची आणि त्या देशातल्या भागीदार नेटवर्कची: यादीबाहेरच्या देशात किंवा नेटवर्कवर साधा, म्हणजे पॅकशिवायचा चढा दर लागू शकतो. दुसरी अट दिवस कसा मोजतात याची. काही पॅकमध्ये पहिल्या वापरापासून २४ तास धरतात, काहींत भारतीय वेळेप्रमाणे तारीख बदलली की दिवस संपतो. उन्हाळ्यात पॅरिसचे घड्याळ भारताच्या साडेतीन तास मागे असते. म्हणजे भारतात मध्यरात्र होते तेव्हा पॅरिसला रात्रीचे साडेआठच वाजलेले असतात, उजेड असतो आणि आयफेल टॉवरचे दिवे लागायचे असतात. एक दिवसाचा पॅक नेमका तेव्हा संपू नये, एवढ्यासाठी ही अट आधी कळलेली बरी.

स्थानिक सिम एकाच देशात दीर्घ मुक्कामासाठी उत्तम. अनेक देशांत त्यासाठी पासपोर्ट दाखवून नोंदणी करावी लागते. जर्मनीत २०१७ पासून प्रीपेड सिमलाही ओळखपत्राची पडताळणी लागते, ब्रिटनमध्ये अशी सक्ती नाही. सहलीच्या बसने फिरणाऱ्यांना मात्र सिमचे दुकान शोधायला वेळ कुठे असतो? विमानतळावरच्या काउंटरवर घ्यावे, तर तिथे सहसा महागातले, पर्यटकांसाठीचे पॅकच पुढे केले जातात.

नऊ देशांच्या सहलीसाठी माझी पसंती प्रवासी ई-सिमला आहे. ते घरबसल्या विकत घेता येते, प्लास्टिकच्या सिमची जागा अडवत नाही, आणि मुख्य म्हणजे आधी सांगितलेली विभागणी त्यात नीट बसते: प्लास्टिकच्या सिमवर भारतातला क्रमांक, ई-सिमवर डेटा. अशा ई-सिमला बहुधा स्वतःचा फोन क्रमांक नसतो, फक्त डेटा असतो. त्याने काही बिघडत नाही, कारण व्हॉट्सॲप आपल्या जुन्या क्रमांकावरच चालत राहते. नवे सिम दिसल्यावर व्हॉट्सॲपने क्रमांक बदलायचा का असे विचारले, तर जुनाच क्रमांक ठेवावा.

त्यासाठी फोन ई-सिम घेणारा असला पाहिजे. डायल पॅडवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असे दाबावे. आयएमईआय क्रमांकांबरोबर ईआयडी नावाचा ३२ अंकी क्रमांक दिसला तर सोय आहे. आयफोनमध्ये २०१८ च्या एक्सएस आणि एक्सआरपासून ही सोय आहे. चीनमध्ये विकल्या गेलेल्या अनेक आयफोनमध्ये मात्र ती नाही. आपल्याकडे मुलाने किंवा मुलीने अमेरिकेहून आणलेले फोन घरोघरी आहेत, त्यांच्याबाबत दोन गोष्टी तपासाव्यात. तिथल्या एखाद्या कंपनीच्या हप्त्यांच्या योजनेतून घेतलेला फोन त्या कंपनीपुरता कुलूपबंद असू शकतो आणि मग दुसरे कोणतेही सिम त्यात चालत नाही. आणि अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोन १४ व पुढच्या फोनना सिमचा कप्पाच नाही. त्यात भारतातला क्रमांकही ई-सिम करूनच घ्यावा लागतो. अशा वेळी फोन हरवला तर परदेशातून आपला क्रमांक दुसऱ्या फोनवर आणणे अवघड होते, म्हणून बँकेत ईमेलही नोंदवून ठेवावा आणि कुटुंबातल्या दोघांची कार्डे वेगवेगळ्या खात्यांची असावीत.

पॅकवर लिहिलेला युरोप

पॅकवर युरोप असे लिहिलेले असते आणि आपण नकाशातला युरोप समजतो. इथेच फसगत होते, आणि ती होण्यामागे कारण आहे. युरोपीय संघाने १५ जून २०१७ पासून आपल्या सदस्य देशांतले रोमिंगचे जादा आकार रद्द केले, आणि जुलै २०२२ मध्ये ही व्यवस्था २०३२ पर्यंत वाढवली. नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनस्टाइन हे देश संघात नसूनही या व्यवस्थेत आहेत. म्हणून पॅरिसमध्ये घेतलेले सिम ॲमस्टरडॅमला, कोलोनला, रोमलाही चालते, जरी फ्रान्समध्ये मिळणाऱ्या डेटापेक्षा बाहेर वापरायच्या डेटाची मर्यादा कधी कधी कमी असते. स्वित्झर्लंड मात्र या व्यवस्थेत नाही. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, २०२१ पासून, ही हमी तिथेही उरलेली नाही. काही कंपन्या या दोन देशांचा समावेश स्वतःहून करतात, काही करत नाहीत.

गोंधळात भर घालतो तो आपल्या पासपोर्टावरचा, युरोपातल्या अनेक देशांना मिळून एकच असलेला शेंगेन व्हिसा. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे त्याच व्हिसावर आपण तिथे जातो आणि मनात गृहीत धरतो की तो बाकीच्या देशांसारखाच. आयर्लंडचे नेमके उलटे आहे: तो युरोपीय संघात आहे, त्यामुळे रोमिंगच्या व्यवस्थेत आहे, पण शेंगेनमध्ये नाही. व्हिसाचा नकाशा आणि डेटाचा नकाशा एकमेकांवर बसत नाहीत, हे लक्षात ठेवावे. मराठी पर्यटकाच्या सहलीत लंडन आणि स्वित्झर्लंड हे दोन्ही जवळजवळ नेहमीच असतात, म्हणून पॅक घेताना देशांची संपूर्ण यादी उघडून त्यात युनायटेड किंग्डम आणि स्वित्झर्लंड ही दोन नावे डोळ्यांनी पाहावीत. किती जीबी आणि किती रुपये हे त्यानंतर.

यादीबरोबर आणखी तीन अटी पाहाव्यात. मुदत ई-सिम फोनमध्ये टाकल्यापासून सुरू होते की परदेशातले नेटवर्क पहिल्यांदा पकडल्यापासून? हॉटस्पॉटने दुसऱ्या फोनला नेट देण्याची परवानगी आहे का? आणि अमर्याद म्हटलेल्या पॅकमध्ये रोज किती वापरानंतर वेग कमी होतो? नवरा-बायको बहुतेक वेळ एकत्रच फिरणार असतील तर एकाच ई-सिमवर हॉटस्पॉटने भागते. पण व्हेनिसच्या गल्ल्यांत किंवा पॅरिसच्या मेट्रोत चुकामूक झाली तर हॉटस्पॉटवर अवलंबून असलेल्या माणसाच्या हातात काहीच उरत नाही. म्हणून दुसऱ्या फोनमध्येही लहानसे का होईना, स्वतंत्र ई-सिम असावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

घरी बसून करायची मांडणी

ई-सिम फोनमध्ये टाकण्यासाठी नेट लागते, म्हणून हे काम घरच्या वायफायवर, निघण्याच्या आधी एक-दोन दिवस करावे. विक्रेता ईमेलवर क्यूआर कोड पाठवतो. तो कोड त्याच फोनच्या पडद्यावर उघडला तर त्याच फोनच्या कॅमेऱ्याने टिपता येत नाही. तो दुसऱ्या फोनवर किंवा लॅपटॉपवर उघडावा, नाहीतर कागदावर छापून घ्यावा. हा कोड बहुधा एकदाच चालतो. एकदा टाकलेले ई-सिम चुकून काढून टाकले तर ते परत बसेलच असे नाही, म्हणून परदेशात नेट चालेना झाले तरी ई-सिम डिलीट करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

ई-सिम बसले की दोन्ही सिमना नावे द्यावीत. आयफोन काय किंवा अँड्रॉइड काय, ही सोय दोन्हींत आहे. एकाला घर आणि दुसऱ्याला युरोप अशी साधी नावे दिली तरी पुढे घाईत चूक होत नाही. मग मोबाइल डेटासाठी युरोप निवडावे, फोन आणि एसएमएससाठी घर. त्यानंतर घर या सिमचे डेटा रोमिंग बंद करावे आणि युरोप या सिमचे डेटा रोमिंग चालू करावे.

या शेवटच्या वाक्यापाशी अनेक जण थबकतात. रोमिंग चालू केले तर बिल येईल, ही भीती इतकी मुरलेली असते की ते दोन्ही सिमचे डेटा रोमिंग बंद ठेवतात आणि मग लंडनला उतरल्यावर ई-सिम चालत नाही म्हणून हैराण होतात. यामागचे कारण समजून घेतले तर भीती जाते. प्रवासी ई-सिम हे स्वतःच कुठल्या तरी तिसऱ्या देशातल्या कंपनीचे सिम असते आणि आपण जाऊ त्या प्रत्येक देशात ते पाहुणे म्हणून तिथले नेटवर्क वापरते. त्याच्या दृष्टीने सगळा प्रवास रोमिंगच आहे, म्हणून त्याचे डेटा रोमिंग चालू असल्याशिवाय नेट मिळतच नाही. आगाऊ पैसे भरलेले असल्यामुळे डेटा संपला की ते थांबते, बिल येत नाही.

आणखी एक बटण शोधून बंद करावे. आयफोनमध्ये मोबाइल डेटाच्या पानावर डेटा स्विचिंगला परवानगी देणारा पर्याय असतो. सॅमसंगच्या फोनमध्ये सिम मॅनेजरमध्ये ऑटो डेटा स्विचिंग असते. इतर अँड्रॉइड फोनमध्येही अशाच नावाचे काहीतरी सापडते. निवडलेल्या सिमची रेंज गेली की दुसऱ्या सिमवरून नेट घेण्याचे काम हे बटण करते. भारतात ते सोयीचे आहे. युरोपात, आल्प्सच्या बोगद्यात ई-सिमची रेंज गेली आणि फोनने गुपचूप भारतीय सिमकडे डेटा मागितला, तर तो आपल्याला नको असलेला खर्च आहे. भारतीय सिमचे डेटा रोमिंग बंद असेल तर तसे होऊ नये, पण दोन्ही बटणे बंद असलेली केव्हाही चांगली.

सहलीचा कार्यक्रम, हॉटेलांचे पत्ते, तिकिटे, पासपोर्ट आणि विम्याचे कागद नेट नसतानाही उघडतील असे फोनमध्ये उतरवून ठेवावेत. पॅरिस, ॲमस्टरडॅम, लुसर्न, व्हेनिस, रोम या शहरांचे नकाशे गूगल मॅप्समध्ये ऑफलाइन उतरवावेत, भाषांतराच्या ॲपमध्ये फ्रेंच, जर्मन आणि इटालियन उतरवून ठेवावे. कार्डाचा परदेशातला वापर बँकेच्या ॲपमधून चालू करावा लागतो. तेही काम नेट हाताशी असताना होऊन जाते.

प्रत्यक्ष सीमेवर

विमानात फोन विमान-अवस्थेत ठेवणे हा केवळ सुरक्षेचा नियम नाही. काही विमानांत आणि समुद्रावरच्या काही बोटींत उपग्रहाशी जोडलेले स्वतःचे मोबाइल नेटवर्क असते, फोन ते पकडतो, आणि त्याचा दर जमिनीवरच्या कोणत्याही रोमिंगपेक्षा कितीतरी जास्त असतो. सर्वसाधारण पॅक तिथे लागू होत नाहीत. डोव्हरहून कॅलेला बोटीने जाणाऱ्यांनी आणि क्रूझवर जाणाऱ्यांनी किनारा सुटण्याआधीच फोन विमान-अवस्थेत टाकावा.

जमिनीवरच्या सीमेवर काय होते ते ब्लॅक फॉरेस्टकडून ऱ्हाईनच्या धबधब्याकडे येताना चांगले पाहायला मिळते. टिटिझे सरोवरापाशी फोन जर्मन नेटवर्कवर असतो. सीमा ओलांडली तरी तो लगेच स्विस नेटवर्ककडे जात नाही. जुन्या टॉवरची रेंज पुरेशी आहे तोवर तो तिथेच चिकटून राहतो. त्यातून शाफहाउझेनचा स्विस परगणा जवळजवळ सगळीकडून जर्मनीने वेढलेला आहे, आणि त्याच्या शेजारी ब्युझिंगेन नावाचे जर्मन गाव आहे, जे चारही बाजूंनी स्वित्झर्लंडच्या आत आहे. अशा प्रदेशात फोन काही मिनिटे एका देशाच्या तर काही मिनिटे दुसऱ्या देशाच्या टॉवरवर जाऊ शकतो. पॅकमध्ये दोन्ही देश असतील तर आपल्याला हे जाणवतही नाही. स्वित्झर्लंड नसेल तर मात्र नेट मधूनच बंद पडते, किंवा भारतीय कंपनीच्या पॅकवर असाल तर साध्या दराने आकारणी सुरू होण्याचा धोका असतो. ज्यांच्या पॅकमध्ये एखादा देश नाही, त्यांनी सीमेच्या आधीच मोबाइल डेटा बंद करावा आणि त्या देशात हॉटेलच्या वायफायवर भागवावे. फाडुझची गंमत अशी की लिख्टेनस्टाइन युरोपीय व्यवस्थेत आहे आणि ऱ्हाईनपलीकडचे स्वित्झर्लंड नाही, म्हणून तिथे थांबतानाही हीच काळजी घ्यावी.

सीमा ओलांडून पाच-दहा मिनिटे झाली तरी नेट आले नाही, तर घाबरून सगळी बटणे दाबू नयेत. फोन अर्धा मिनिट विमान-अवस्थेत ठेवून परत आणावा. बहुतेक वेळा एवढ्यानेच काम होते. नाही झाले तर डेटासाठी निवडलेले सिम आणि त्याचे डेटा रोमिंग पाहावे. ते ठीक असेल तर सिमला नेटशी जोडणारी एपीएन नावाची सेटिंग पाहावी. विक्रेत्याच्या ईमेलमध्ये ती दिलेली असते आणि अक्षर न अक्षर तशीच टाकावी लागते. त्यानंतरचा उपाय म्हणजे नेटवर्क आपोआप निवडण्याचे बंद करून यादीतून आपल्या पॅकचे भागीदार नेटवर्क हाताने निवडणे. हे केल्यास पुढच्या देशात पोहोचताच निवड पुन्हा आपोआपवर आणायला विसरू नये, नाहीतर फोन मागे राहिलेले नेटवर्कच शोधत बसतो. विक्रेत्याच्या त्या ईमेलचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा, कारण नेट नसतानाच तो लागणार असतो.

प्रत्येक नव्या देशात भारतीय कंपनीचा एक एसएमएस येतो. त्यात दर आणि मदतीचा क्रमांक असतो, आणि तो आला याचा अर्थ आपला क्रमांक जागा आहे व ओटीपी येतील. तो पुसून टाकू नये.

डेटा कशात जातो

नकाशा पाहण्यात, मेसेज पाठवण्यात, गाडीची वेळ पाहण्यात फारसा डेटा जात नाही. व्हिडिओ कॉलचा एक तास हा नकाशा पाहत काढलेल्या अनेक दिवसांहून महाग पडतो. त्याहून वाईट म्हणजे आपल्या नकळत होणारा वापर: दिवसभर काढलेल्या फोटोंचा बॅकअप, ॲपचे अपडेट, आणि कुटुंबाच्या, सोसायटीच्या, शाळेतल्या वर्गमित्रांच्या गटांवर येणारे सुप्रभातचे व्हिडिओ. व्हॉट्सॲपच्या स्टोरेज आणि डेटाच्या पानावर जाऊन फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणे फक्त वायफायपुरते ठेवावे. फोटोंचा बॅकअपही वायफायवरच व्हावा. आयफोनमध्ये त्या सिमसाठी लो डेटा मोड आणि अँड्रॉइडमध्ये डेटा सेव्हर चालू ठेवला की पार्श्वभूमीत चालणारा बराच वापर थांबतो. टिटलिसच्या बर्फातून नातवंडांना व्हिडिओ कॉल जरूर करावा. त्यासाठीच तर डेटा राखून ठेवायचा असतो.

हॉटेल आणि विमानतळाच्या मोफत वायफायवर नकाशे, बातम्या, गप्पा चालतील. बँकेचे व्यवहार मात्र आपल्या मोबाइल डेटावरच करावेत.

युरोपाबाहेर

विभागणीचे तेच तत्त्व इतरत्रही लागू पडते, पण काही ठिकाणचे फरक माहीत असावेत. चीनमध्ये गूगल आणि व्हॉट्सॲप स्थानिक सिमवर चालत नाहीत. रोमिंगमधले सिम मात्र आपले नेट मूळ देशातल्या कंपनीमार्फत फिरवून आणते, त्यामुळे भारतीय किंवा चीनबाहेरच्या प्रवासी सिमवर ती सहसा चालतात. २०२५ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या कैलास मानसरोवर यात्रेला जाणाऱ्यांनी म्हणून तिबेटसाठी स्थानिक सिमच्या भरवशावर राहू नये, आणि डोंगरात रेंजच नसेल असे धरून घरच्यांना तसे सांगून निघावे. संयुक्त अरब अमिरातीत स्थानिक नेटवर्कवर व्हॉट्सॲपचे मेसेज चालतात पण त्यावरून बोलण्यावर निर्बंध आहेत. तिथे दीर्घकाळ राहणारे लोक परवानगी असलेली वेगळी ॲप वापरतात.

मुलांकडे अमेरिकेत पाच-सहा महिने राहायला जाणाऱ्या आई-वडिलांचा प्रश्न डेटाचा नसतो. तिथे घरात वायफाय असते आणि मुलांच्या फॅमिली प्लॅनमध्ये एक लाइन वाढवता येते. त्यांचा खरा प्रश्न भारतातला क्रमांक इतके महिने जागा ठेवण्याचा असतो, कारण पेन्शनचे खाते, मुदत ठेवी, विमा, सगळे त्याच क्रमांकाला जोडलेले असते. डिसेंबर २०२४ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने कंपन्यांना केवळ बोलणे आणि एसएमएस असलेले, डेटा नसलेले रिचार्ज ठेवायला सांगितले आणि अशा विशेष रिचार्जची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. निघण्यापूर्वी असे दीर्घ मुदतीचे रिचार्ज करून घ्यावे. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केले आहे, म्हणून आजोबांचा जुना फोन तिथे बोलण्यासाठी चालेलच असे नाही. फोर-जीवर बोलण्याची सोय असलेला फोन न्यावा.

परतल्यावर

मुंबईला उतरल्यावर मोबाइल डेटा पुन्हा घर या सिमवर आणावा; हे राहून गेले तर ई-सिमचा उरलेला डेटा भारतात चालत नाही आणि नेट बंद पडल्यासारखे वाटते. कंपनीच्या ॲपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय रोमिंग बंद करावे, वळवलेल्या फोनची सोय हवी असल्यास परत चालू करावी, आणि मुदत संपलेले ई-सिम आता काढून टाकायला हरकत नाही, मात्र पुढच्या सहलीसाठी त्यात पुन्हा पैसे भरता येत असतील तर ते तसेच राहू द्यावे. पोस्टपेड असेल तर परतल्यावरची दोन बिले ओळ न ओळ वाचावीत, कारण परदेशी नेटवर्ककडून आलेली आकारणी कधी कधी उशिरा जमा होते. न समजणारी रक्कम दिसली तर कंपनीकडे लेखी तक्रार करून तक्रार क्रमांक घ्यावा, आणि पॅक घेतल्याची पावती व त्या देशात आलेला स्वागताचा एसएमएस सोबत जोडावा.